आधी नोंद, मग मदत: सलून आणि पार्लरमधील कारागिरांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत नेण्याची वाट

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्यातील सलून, स्पा आणि ब्युटी पार्लर शासनाच्या आदेशाने बंद झाले. त्याच महिन्याच्या १३ तारखेला तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी निर्बंध अधिक कडक करताना ५,४७६ कोटी रुपयांच्या साहाय्याची घोषणा केली. नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, नोंदणीकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये मिळणार होते. ज्यांची खुर्ची आदेशानेच रिकामी ठेवली होती, त्या केशकर्तन कारागिरांचे आणि ब्युटिशियन महिलांचे नाव त्या यादीत नव्हते. शासनाला त्यांच्याविषयी आकस होता असे मी म्हणणार नाही. त्या घोषणेतील प्रत्येक घटकाच्या आधी 'नोंदणीकृत' किंवा 'परवानाधारक' हा शब्द होता, आणि या व्यवसायापाशी तो शब्द नव्हता, एवढेच त्याचे कारण आहे.

या लेखात सलून-पार्लरमधील स्वतंत्र कारागिरांनी आपली मागणी महाराष्ट्राच्या विधिमंडळापर्यंत कशी न्यावी, याची वाट टप्प्याटप्प्याने मांडली आहे. मागण्या अनेक असतात. निवृत्तिवेतन, विमा, प्रसूती साहाय्य, मुलांची शिष्यवृत्ती, ॲप कंपन्यांच्या मनमानीला आळा, रसायनांपासून संरक्षण, ही यादी कोणत्याही बैठकीत दहा मिनिटांत तयार होते. माझे मत असे आहे की पहिली मागणी एकच असावी, ती म्हणजे कायद्यात व्याख्या आणि त्या व्याख्येनुसार राज्यव्यापी नोंदणी. बाकीच्या मागण्या त्या खुंटीला टांगता येतात. खुंटीच नसेल तर प्रत्येक अधिवेशनात तेच निवेदन नव्या तारखेने द्यावे लागते.

कायद्याच्या नजरेत आपण कोण आहोत

आमदारांना भेटण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःशी सोडवावा लागतो, कारण एकाच सलूनमध्ये काम करणारे चार जण कायद्याच्या दृष्टीने चार वेगळ्या प्रकारचे असू शकतात. पहिला मालकाकडून दरमहा पगार घेतो. दुसरा टक्केवारीवर काम करतो. दिवसाच्या गल्ल्यातील ठरलेला हिस्सा त्याचा आणि उरलेला मालकाचा. तिसऱ्याने खुर्ची किंवा छोटी खोली भाड्याने घेतली आहे, ग्राहक त्याचे स्वतःचे आहेत आणि साहित्यही तोच आणतो. चौथी व्यक्ती सकाळी सलूनमध्ये आणि दुपारनंतर ॲपवरून येणाऱ्या ऑर्डरी घेऊन लोकांच्या घरी जाते. याशिवाय स्वतःच्या घरातील पुढच्या खोलीत पार्लर चालवणाऱ्या महिला आहेत, केवळ लग्नसराईत ब्राइडल मेकअप करणाऱ्या आहेत आणि पदपथावर आरसा टांगून बसणारे कारागीरही आहेत.

पगारी कामगाराला वेतन संहिता, २०१९ लागू होते आणि तिने किमान वेतनाचा हक्क अनुसूचित उद्योगांपुरता मर्यादित न ठेवता सर्व रोजगारांना दिला आहे. टक्केवारीवाल्याची स्थिती वादग्रस्त आहे. मालक त्याला 'पार्टनर' म्हणतो, पण वेळ, दर आणि सुटी मालकच ठरवतो. खुर्ची भाड्याने घेणारा स्वयंरोजगारी ठरतो. ॲपवरून काम घेणाऱ्या व्यक्तीसाठी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' अशा व्याख्या आहेत, आणि ज्या डिजिटल मध्यस्थांना हा कायदा लागू होतो त्यांच्या यादीत व्यावसायिक सेवा पुरवणारे मंच समाविष्ट आहेत. केंद्राच्या चारही श्रम संहिता (वेतन, सामाजिक सुरक्षा, औद्योगिक संबंध आणि कामावरील सुरक्षितता) २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या असल्याने जुन्या कायद्यांच्या नावांनी लिहिलेली निवेदने आता बदलून घ्यावीत.

दुकानांचा कायदा मात्र राज्याचा आहे आणि तो आपल्या बहुतेकांना बाहेर ठेवतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला तेव्हा त्याच्या मुख्य तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होत्या आणि त्याहून लहान आस्थापनांनी केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची होती. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. तीन खुर्च्यांच्या सलूनला या दोन्ही आकड्यांनी फरक पडत नाही, ते आधीही बाहेर होते. तरीही हा तपशील निवेदनात अवश्य असावा, कारण 'दुकानांचा कायदा आहेच की' हे उत्तर सर्वांत आधी मिळते.

कोणती मागणी कोणत्या दारात

चुकीच्या दारात केलेला एक वर्षाचा पाठपुरावा फुकट जातो. एका तालुक्याच्या बैठकीत मी पाहिलेले निवेदन पाच मागण्यांचे होते आणि त्यांपैकी तीन मागण्या ज्यांना ते दिले त्या तहसीलदारांच्या अधिकारातच नव्हत्या. त्यांनी ते पुढे 'योग्य कार्यवाहीसाठी' पाठवले, आणि ही शासकीय भाषेतली निरोपाची ओळ आहे हे संघटनेला वर्षभराने समजले.

कराचा प्रश्न जीएसटी परिषदेत सुटतो. सौंदर्य व शारीरिक निगेच्या सेवांवरील दर १८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून इनपुट टॅक्स क्रेडिटविना (म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न मिळता) ५ टक्के झाला. हा निर्णय विधानसभेतील नव्हता, तरी राज्याचे प्रतिनिधी मंत्री परिषदेत बसतात आणि म्हणून त्यांच्याकडे मागणी करता येते. पारंपरिक कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना केंद्राची आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत न्हावी हा व्यवसाय आहे, ब्युटिशियन असा स्वतंत्र व्यवसाय नाही. तो घालावा ही मागणी खासदारांमार्फत केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे जावी. पदपथावरील कारागिरांचा प्रश्न नगरपालिकेच्या पथविक्रेता समितीत नेता येतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार या समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात, आणि पथविक्रेत्यांना कर्ज देणाऱ्या केंद्राच्या पीएम स्वनिधी योजनेने केशकर्तनाची सेवा देणाऱ्यांना पथविक्रेत्यांत स्पष्टपणे धरले आहे.

घरी जाऊन सेवा देणाऱ्या महिलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा वेगळा आहे, कारण तिथे नवा कायदा मागण्याआधी असलेला कायदा वापरून दाखवावा लागतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत राहते घरही येते. दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेतील महिलेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते आणि ती घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. आपल्या जिल्ह्याची स्थानिक समिती कागदावर आहे की प्रत्यक्षात बसते, हे विचारून ठेवले तर विधानसभेतील एक चांगला प्रश्न आयता तयार होतो.

उरलेला मोठा भाग, म्हणजे कल्याण मंडळ, नोंदणी, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या अटी, हा राज्य विधिमंडळाच्या कक्षेत येतो. कामगार कल्याण आणि सामाजिक सुरक्षा हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने राज्याला कायदा करता येतो. फक्त तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरल्यास केंद्राच्या कायद्याला वरचढ ठरवणारा अनुच्छेद २५४ आडवा येतो आणि राष्ट्रपतींची संमती लागू शकते. महाराष्ट्राला हे नवे नाही. माथाडी कामगारांचा १९६९ चा, खासगी सुरक्षा रक्षकांचा १९८१ चा आणि घरेलू कामगारांचा २००८ चा, हे तिन्ही कायदे याच विधिमंडळाने केले आणि तिन्ही वेळी विखुरलेल्या, कायम मालक नसलेल्या कामगारांसाठी मंडळ हीच रचना निवडली. चर्चेत हा दाखला सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

स्वतःची नोंदवही

शासनाकडे यादी नसेल तर संघटनेने आधी स्वतःची यादी करावी. आमदार किंवा सचिव पहिला प्रश्न विचारतात तो 'तुम्ही किती जण?' हा, आणि 'लाखो' हे उत्तर ऐकून त्यांची लेखणी थांबते. 'या तालुक्यातील तीन बाजारपेठांत आम्ही दारोदार जाऊन मोजले, इतकी दुकाने, इतके कारागीर, त्यांपैकी इतक्या महिला' असे उत्तर दिले तर आकडा लहान असूनही तो टिपला जातो.

नोंदवहीत फार रकाने नकोत. नाव, वय, गाव, कामाचा प्रकार, किती वर्षे काम, कामाच्या मोबदल्याची पद्धत, ई-श्रम (असंघटित कामगारांची केंद्राची नोंदणी) क्रमांक आहे का, आणि कामामुळे झालेला त्रास, एवढे पुरे. आधार क्रमांक लिहून घेऊ नये. तो सांभाळण्याची जबाबदारी लहान संघटनेला पेलत नाही. माहिती कशासाठी घेत आहोत हे वहीच्या वरच छापावे आणि प्रत्येकाची सही घ्यावी. उत्पन्न विचारताना लोक बिचकतात, म्हणून आकडा न विचारता टप्पे द्यावेत.

त्रासाच्या रकान्याकडे सर्वसाधारणपणे दुर्लक्ष होते, पण मला तो नोंदवहीतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पाय सुजणे, शिरा फुगणे, मनगट आणि मानेचे दुखणे, केसांच्या रंगामुळे हाताची त्वचा फाटणे, केराटिन किंवा स्मूदनिंग करताना डोळे चुरचुरणे आणि श्वास कोंडणे, या गोष्टी प्रत्येक कारागिराला ठाऊक असतात, पण कुठेही लिहिलेल्या नसतात. केस सरळ करण्याच्या काही उत्पादनांतून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणला आहे. त्याच संस्थेने केशकर्तन व्यवसायातील रासायनिक संपर्काला 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात ठेवले आहे. आपल्या तालुक्यातील शंभर जणांच्या नोंदी या माहितीशेजारी ठेवल्या तर आरोग्य तपासणीची मागणी करताना विनवणी करावी लागत नाही.

नोंदवहीबरोबरच दोन कामे करावीत. पहिले ई-श्रमचे. २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू असलेल्या या राष्ट्रीय नोंदणीत १६ ते ५९ वयाच्या, भविष्य निर्वाह निधी किंवा राज्य विम्याचे सदस्य नसलेल्या असंघटित कामगाराला १२ अंकी क्रमांक मिळतो. नोंदणी करताना व्यवसायाच्या रकान्यात आपलाच व्यवसाय निवडला जाईल याची काळजी घ्यावी. सेवा केंद्रावरील माणूस घाईत 'घरकाम' किंवा 'इतर' निवडतो आणि आपली संख्या कुणा दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. दुसरे काम माहिती अधिकाराचे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाकडे दुकाने अधिनियमाखाली सलून व पार्लर या प्रकारात किती आस्थापनांची नोंदणी आहे आणि लहान आस्थापनांच्या किती सूचना आल्या आहेत, एवढेच विचारावे. 'अशी माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही' असे उत्तर आले तरी निराश होऊ नये. नोंदणीच्या मागणीसाठी त्याहून चांगला पुरावा मिळणे कठीण आहे. ते उत्तर जपून ठेवावे आणि निवेदनाला जोडावे.

संघटनेचे रूप

औद्योगिक संबंध संहितेनुसार कामगार संघटना नोंदवण्यासाठी किमान सात सदस्यांचा अर्ज लागतो. मात्र खुर्ची भाड्याने देणारा मालक आणि ती घेणारा कारागीर एकाच संघटनेत आले की कामाच्या अटींचा विषय निघताच फूट पडते. समाजाची संघटना, दुकानमालकांची संघटना आणि कामगारांची संघटना या तिन्हींचे हितसंबंध वेगळे आहेत. त्यांनी कल्याण मंडळाच्या एका मागणीसाठी कृती समिती करावी, पण कामगारांची नोंदणी स्वतंत्र ठेवावी. या व्यवसायात अनेक जातींच्या, धर्मांच्या आणि परप्रांतांतून आलेल्या महिला व पुरुष आज आहेत, आणि मागणी एका समाजापुरती दिसली तर ती कामगार विभागाकडून दुसऱ्याच विभागाकडे वळते.

सह्यांच्या मोहिमेबद्दल मुंबईचाच एक जुना दाखला आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या ५,५०० सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यात रविवारची सुटी मागितली होती, ती १० जून १८९० रोजी मान्य झाली. याच लोखंडे यांनी विधवांचे केशवपन न करण्याबाबत मुंबईतील न्हाव्यांना १८९० मध्ये संघटित केले होते. सुटीच्या मागणीला सहा वर्षे लागली, हे आपल्या कार्यकर्त्यांना पहिल्याच बैठकीत सांगावे, म्हणजे दोन अधिवेशने कोरडी गेली की माणसे गळत नाहीत.

मागणीचा मसुदा

निवेदनाचे दोन कागद असावेत. पहिला एका पानाचा, कोणीही दोन मिनिटांत वाचील असा. दुसरा कलमवार मसुदा. पहिल्या कागदात मागण्यांची दोन गटांत विभागणी करावी: शासन निर्णयाने उद्या होऊ शकणाऱ्या आणि कायदा लागणाऱ्या. ही विभागणी केल्याने 'कायदा करायला वेळ लागतो' या उत्तरातील हवा निघून जाते.

पहिल्या गटासाठी आधार आधीच उपलब्ध आहे. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम १०९ नुसार राज्य सरकारने असंघटित कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी, कामावरील दुखापतीचे साहाय्य, घरकुल, मुलांचे शिक्षण, कौशल्यवृद्धी आणि अंत्यविधी साहाय्य यांच्या योजना करायच्या आहेत. असंघटित कामगाराच्या व्याख्येत घरून काम करणारे, स्वयंरोजगारी आणि मजुरीवर काम करणारे असे तिघेही बसतात. म्हणजे सलून-पार्लर कारागिरांसाठी एक योजना, तिच्यासाठी नोंदणी आणि राज्याच्या असंघटित कामगार मंडळावर एक प्रतिनिधी, एवढे नव्या कायद्याशिवाय मागता येते.

दुसऱ्या गटात स्वतंत्र अधिनियमाची मागणी ठेवावी आणि तिचा गाभा म्हणजे व्याख्या. मला सुचलेला मजकूर असा आहे: 'सौंदर्य व केशसेवा कामगार म्हणजे केस, त्वचा किंवा नखे यांची निगा, सजावट अथवा रंगभूषा यांसंबंधीची सेवा मोबदल्यासाठी स्वतः देणारी, वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली कोणतीही व्यक्ती, मग ती वेतनावर, टक्केवारीवर, जागा किंवा खुर्ची भाड्याने घेऊन, स्वतःच्या अथवा ग्राहकाच्या घरी, पदपथावर किंवा डिजिटल मंचामार्फत काम करीत असो.' यातील 'स्वतः देणारी' हे शब्द काढू देऊ नयेत. ते नसतील तर दहा शाखांचा मालकही कामगार म्हणून नोंदला जाईल. 'टक्केवारीवर' हा शब्दही तितकाच आवश्यक आहे, कारण पुढे वाद होईल तो त्याच्याविषयीच.

ॲपवरून काम करणाऱ्यांसाठी वेगळे प्रकरण लिहावे आणि तिथे शेजारच्या राज्याकडे पाहावे. कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या प्लॅटफॉर्म कामगारांच्या कायद्यात प्रत्येक व्यवहारातील कामगाराच्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क मंचाकडून घेण्याची तरतूद आहे आणि कामावरून काढण्यापूर्वी १४ दिवसांची लेखी सूचना व कारण देण्याचे बंधन आहे. 'रेटिंग पडले आणि आयडी ब्लॉक झाला' हे वाक्य ज्यांनी स्वतःच्या बाबतीत ऐकले आहे त्यांना या १४ दिवसांची किंमत समजावून सांगावी लागत नाही. केंद्राच्या संहितेतही मंचांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही, इतके अंशदान द्यायचे आहे. एकाच कंपनीवर दोन वेळा भार पडतो हा आक्षेप येणारच, म्हणून राज्याची आकारणी केंद्राच्या अंशदानातून वळती करून घेण्याची सोय मसुद्यात आधीच घालावी.

पैसा कुठून येणार, या प्रश्नावर बहुतेक मसुदे लंगडे पडतात. बांधकाम कामगारांचे मंडळ बांधकाम खर्चावरील १ टक्का उपकरावर चालते, पण आपल्या व्यवसायात असा एक मोठा खर्च एका जागी होत नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीवर राज्याने उपकर लावावा ही सूचना वारंवार येते. जीएसटी आल्यापासून अशा मालाच्या विक्रीवर स्वतंत्र कर लावणे राज्याच्या हातात राहिलेले नाही, त्यामुळे ती पहिल्याच छाननीत पडते आणि मसुद्याची पत घालवते. त्याऐवजी कामगाराची लहान वार्षिक वर्गणी, मंचांचे कल्याण शुल्क आणि राज्याच्या अर्थसंकल्पातील ठराविक अनुदान असे तीन स्रोत दाखवावेत. तिसऱ्या स्रोतामुळे एक तांत्रिक अडचण येते. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर अनुच्छेद २०७ नुसार राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहाला ते विधेयक विचारात घेऊन संमत करता येत नाही.

अधिवेशन आणि आमदार

विधिमंडळाची तीन नियमित अधिवेशने असतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांना गाठणाऱ्या संघटनांची संख्या मोठी असते आणि त्या वेळी आमदारांच्या हातात फारसे काही उरलेले नसते. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात ते, अधिवेशनाच्या कितीतरी आधी दाखल होतात. म्हणून पावसाळी अधिवेशनासाठीचे काम एप्रिलमध्ये आणि हिवाळीसाठीचे सप्टेंबरमध्ये सुरू व्हायला हवे. नागपूरला मोर्चा नेण्याचा मोह मोठा असतो. त्याला माझा विरोध नाही, पण आधी प्रश्न दाखल झालेला नसेल तर मोर्चा यशवंत स्टेडियमपासून निघतो आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर संपतो.

आमदार निवडताना पाच-सहा जणांची यादी करावी: आपल्या मतदारसंघाचे आमदार, सत्ताधारी पक्षातील पण मंत्री नसलेले एक, विरोधी पक्षातील एक, महिलांचे प्रश्न मांडणाऱ्या एक सदस्या आणि विधान परिषदेतील एक सदस्य. मतदारसंघाचे आमदार मतांसाठी ऐकतात. परिषदेतील सदस्यांना मतदारसंघाची रोजची धावपळ तुलनेने कमी असल्याने ते विषय अभ्यासून बोलण्याची शक्यता अधिक असते. भेट मतदारसंघातील कार्यालयात, शक्यतो सकाळी, तीन किंवा चार जणांनीच घ्यावी. त्यांत एक घरी पार्लर चालवणाऱ्या ताई, एक टक्केवारीवर काम करणारा कारागीर आणि एक कागद सांभाळणारी व्यक्ती असावी. हार-तुरे नकोत. आमदारांच्या स्वीय सहायकांशी नीट ओळख करून घ्यावी, कारण प्रश्न प्रत्यक्षात बहुधा तेच टंकलिखित करतात.

आमदारांना 'आमचा प्रश्न मांडा' असे सांगून थांबू नये. मांडण्याची आयुधे कोणती आणि त्यांतले कोणते हवे हे आपणच सुचवावे. माहिती हवी असेल तर अतारांकित प्रश्न, कारण त्याचे लेखी उत्तर मिळते आणि ते कायम कागदावर राहते. मंत्र्यांना सभागृहात उपप्रश्नांना सामोरे जायला लावायचे असेल तर तारांकित प्रश्न. तातडीची घटना घडली असेल, उदाहरणार्थ ग्राहकाच्या घरी कारागीर महिलेवर हल्ला झाला असेल, तर लक्षवेधी सूचना. उत्तर अपुरे आले तर अर्धा तास चर्चा. कायद्याच्या मसुद्याला जन्म द्यायचा असेल तर अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक. ते संमत होण्याची शक्यता फार कमी असते, पण त्याच्या निमित्ताने विधी व न्याय विभाग मसुदा वाचतो आणि मंत्र्यांना त्यावर भूमिका घ्यावी लागते. मला स्वतःला लेखी उत्तराचे मोल सर्वाधिक वाटते. 'शासन याबाबत विचार करीत आहे' असे मंत्री सभागृहात म्हणाले की ते आश्वासन ठरू शकते, आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा माग घेते. ते वाक्य, तारीख आणि प्रश्न क्रमांक आपल्या वहीत लिहून ठेवावा.

विनंती अर्ज समितीचा मार्ग फारसा वापरला जात नाही. सभागृहाला उद्देशून, सभ्य भाषेत, सह्यांनिशी केलेला अर्ज सदस्यामार्फत सादर झाला आणि स्वीकारला गेला की समिती विभागाला बोलावून विचारू शकते. बोलक्या मोर्चापेक्षा हा रस्ता संथ आहे, परंतु विभागाच्या सचिवाला उत्तर द्यायला बसवतो.

मंत्रालयातील नस्ती (फाइल)

उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभागाकडे निवेदन दिल्यावर आवक क्रमांक घ्यावा आणि दोन आठवड्यांनी ते कोणत्या कार्यासनाकडे (विभागातील शाखेकडे) गेले आहे हे विचारावे. मंत्र्यांची सही 'तपासून सादर करा' अशी असेल तर प्रत्यक्ष काम कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीने सुरू होते. त्या अधिकाऱ्याला आपला विषय समजावून सांगण्यात गेलेला अर्धा तास मंत्र्यांबरोबर काढलेल्या छायाचित्रापेक्षा अधिक कामाचा असतो. टिपणीसाठी त्याला लागतील अशा तीन गोष्टी स्वतःहून द्याव्यात: इतर राज्यांच्या कायद्यांच्या प्रती, अपेक्षित लाभार्थी व खर्चाचा ढोबळ अंदाज आणि केंद्राच्या संहितेशी आपला मसुदा कुठे जुळतो त्याचा तक्ता. भाषेची चिंता करू नये. अनुच्छेद ३५० नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, आणि परप्रांतीय कारागिरांची हिंदीतील निवेदनेही त्यामुळे घ्यावीच लागतात.

विधेयक आल्यानंतर

विधेयक संयुक्त समितीकडे गेले तर सामान्य नागरिकांनाही सूचना पाठवता येतात. २०२४ मध्ये मांडल्या गेलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या होत्या. अशा वेळी एकच छापील मजकूर हजार जणांनी पाठवण्यापेक्षा वीस जणांनी वेगवेगळ्या कलमांवर, पर्यायी शब्दांसह लिहिलेले जास्त वाचले जाते. 'कलम अमुक, पोटकलम अमुक, मूळ शब्द असे, सुचवलेले शब्द असे, कारण असे' हा चार ओळींचा साचा सर्वांनी वापरावा.

कायदा संमत झाल्यावर सत्कार समारंभ होतात आणि संघटना सैल पडते. घरेलू कामगारांचा कायदा २००८ चा, पण मंडळ स्थापन व्हायला २०११ उजाडले. प्लॅटफॉर्म कामगारांसाठी देशातील पहिला कायदा राजस्थानने २०२३ मध्ये केला, त्यानंतर सरकार बदलले आणि नियमांअभावी तो बराच काळ कागदावरच राहिला. म्हणून मसुद्यातच 'हा अधिनियम लागू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत शासन नियम करील आणि मंडळ स्थापन करील' असे कलम मागावे. नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचनांसाठी बहुधा ३० ते ४५ दिवस मिळतात. त्या काळात कोणी राजपत्र पाहायचे हे नावानिशी ठरवून द्यावे.

नियमांत दोन जागा विशेष पाहाव्या लागतात. पहिली, नोंदणीसाठी कोणते पुरावे लागतील. तिथे 'मालकाचे प्रमाणपत्र' असा शब्द आला तर खुर्ची भाड्याने घेणारे, घरी काम करणारे आणि ज्यांना मालक लेखी काहीच देत नाही असे टक्केवारीवाले सगळे पुन्हा बाहेर राहतील. त्याऐवजी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा दाखला, संघटनेचा दाखला, ॲपवरील कामाचा तपशील किंवा स्वयंघोषणापत्र यांपैकी कोणताही एक पुरावा चालावा. दुसरी, नूतनीकरण. दरवर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन नूतनीकरण करायचे असेल तर लग्नसराईत ते कोणी करणार नाही आणि तीन वर्षांत यादी अर्धी होईल. नूतनीकरण तीन वर्षांनी आणि तालुक्याच्या ठिकाणी किंवा मोबाइलवरून व्हावे, आणि मुदत संपलेल्या कारागिराला सहा महिन्यांची सवलत मिळावी, असे लेखी कळवावे. संकटाच्या दिवशी शासन यादी उघडते तेव्हा 'नोंदणीकृत' या शब्दाबरोबर 'जिवंत नोंदणी' हा शब्दही तपासला जातो.